दोन सारखेच लॅपटॉप, आणि निवड नेमकी कशाची?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा, किंवा सेव्ह करून ठेवा आणि रात्री वाचा.

बारावीचा निकाल लागला की आपल्या त्र्यंबकमध्ये एक प्रश्न हमखास फिरायला लागतो. कुणाची मुलगी नाशिकला कॉम्प्युटर सायन्सला लागलेली असते, कुणाचा मुलगा त्र्यंबक रोडवरच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला. घरात आठ-पंधरा दिवस चर्चा होते आणि गाडी दोन लॅपटॉपवर येऊन अडते. दोन्हींची किंमत पंचेचाळीस हजारांच्या आसपास. दोन्हींना १६ जीबी रॅम, दोन्हींना ५१२ जीबी एसएसडी, दोन्हींचा स्क्रीन १५.६ इंची. एक काळा, एक चंदेरी. मग व्हॉट्सअॅपवर दोन फोटो येतात: "दादा, यातला कुठला घेऊ?"

हसण्यावारी न्यायचा प्रश्न नाही हा. भात, नागली, वरई पिकवणाऱ्या घराला, प्रसाद-फुलांचं छोटं दुकान चालवणाऱ्याला, श्रावणातल्या चार सोमवारांच्या कमाईवर वर्ष काढणाऱ्या रिक्षावाल्याला ४५ हजार म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. बहुतेक जण हप्त्यावर घेतात. यंत्र तीन वर्षांत बसलं, तर शिक्षण संपायच्या आत दुसरं घ्यायची ऐपत नसते. म्हणून मी एका ओळीत "काळा घे" असं सांगत नाही. हे दोन लॅपटॉप इतके सारखे झाले कसे, ते आधी बघू. तो इतिहास कळला की फरक कुठे शोधायचा ते आपोआप कळतं.

सारखेपणा आला कुठून?

एप्रिल १९८१ मध्ये अमेरिकेत ऑस्बॉर्न १ नावाचं यंत्र आलं. उचलून नेता येईल असा बाजारात यशस्वी झालेला पहिला कॉम्प्युटर म्हणून त्याचं नाव घेतात. उचलून म्हणजे कसं? वजन ११ किलो, पडदा ५ इंची, किंमत १,७९५ डॉलर. बंद केल्यावर शिलाई मशीनच्या पेटीसारखा दिसायचा. पुढच्या वर्षी, १९८२ ला, ग्रिड कंपास आला. पुस्तकासारखा उघडणारा, आतल्या बाजूला पडदा आणि कळफलक. बिल मॉग्रिज या डिझायनरचं ते काम. किंमत ८,१५० डॉलर. नासाने तो अंतराळयानातही नेला. आज आपण लॅपटॉप ज्या पद्धतीने उघडतो ती घडी तिथली.

त्या काळात दोन यंत्रांतली निवड म्हणजे खरोखरची निवड असायची. एकाचे प्रोग्राम दुसऱ्यावर चालत नसत. चुकीची कंपनी निवडली आणि ती बुडाली, की तुमची फ्लॉपी घेऊन जायचं कुठे हा प्रश्न. ऑस्बॉर्न कंपनीचं दिवाळं १९८३ मध्येच निघालं.

हे चित्र बदललं आयबीएममुळे. १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला. घाईत आणला, म्हणून बहुतेक भाग बाजारातलेच घेतले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, आणि ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची. मायक्रोसॉफ्टने करारात एक गोष्ट राखून ठेवली: हीच सिस्टिम इतर कंपन्यांनाही विकायचा हक्क. आयबीएमच्या हातात स्वतःचं असं राहिलं ते बायोस, म्हणजे यंत्र सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम.

कॉम्पॅक नावाच्या नव्या कंपनीने तो किल्लाही सर केला, तोही कायद्यात राहून. काही इंजिनिअरांनी बायोस काय काय करतो एवढंच कागदावर लिहून काढलं. मूळ प्रोग्राम कधीच न बघितलेल्या दुसऱ्या लोकांनी त्या वर्णनावरून नवा प्रोग्राम लिहिला. नोव्हेंबर १९८२ मध्ये कॉम्पॅक पोर्टेबल जाहीर झाला आणि आयबीएमचे प्रोग्राम दुसऱ्याच कंपनीच्या यंत्रावर सुरळीत चालायला लागले. त्यानंतर रांगच लागली. १९८५ मध्ये तोशिबाने टी ११०० आणला: घडीचा, बॅटरीवर चालणारा, आयबीएमशी जुळणारा. १९९१ मध्ये ॲपलने पॉवरबुकमध्ये कळफलक मागे सरकवला आणि पुढे मनगट टेकायला जागा ठेवली. घरातला लॅपटॉप उघडून बघा, ती जागा दिसेल. चौतीस-पस्तीस वर्षांत ढाचा तोच आहे.

आता कारखान्यांची गोष्ट. आपण ज्यांना लॅपटॉप कंपन्या म्हणतो त्यातल्या बऱ्याच जणी आपले बहुतेक लॅपटॉप स्वतः बनवत नाहीत. तैवानच्या क्वांटा, कॉम्पाल, विस्ट्रॉन, इन्व्हेंटेक अशा कंपन्या ते बनवून देतात, बऱ्याचदा आराखड्यासकट. दुकानाच्या काचेत एकमेकांशी भांडणारे दोन ब्रँड एकाच कारखान्यातून निघालेले असू शकतात. ज्या आयबीएमने हे सगळं सुरू केलं तिनेही २००५ मध्ये आपला पीसीचा धंदा चीनच्या लेनोव्होला विकून टाकला.

तेव्हा "दोन्ही सारखेच दिसतात हो" असं कुणी म्हणालं, तर ते वेंधळेपणाने म्हणत नाही. ते खरोखर सारखे असतात. प्रोसेसर दोन कंपन्यांपैकी एकीचा, विंडोज एकाच कंपनीची, रॅम-एसएसडी मोजक्या कारखान्यांतली, जोडणी तिसऱ्याची.

मग नावांचा गोंधळ कशासाठी?

इंटेलचे प्रोसेसर आधी नुसत्या आकड्यांनी ओळखले जायचे: २८६, ३८६, ४८६. एएमडी कंपनीने आपल्याही प्रोसेसरला ३८६ म्हणायला सुरुवात केली. इंटेल कोर्टात गेली, आणि १९९१ मध्ये कोर्ट म्हणालं की ३८६ हा आकडा कुणाच्या एकट्याच्या मालकीचा नाही. त्यानंतर इंटेलने दोन गोष्टी केल्या. त्याच वर्षी "इंटेल इनसाइड"ची मोहीम सुरू केली: जी कंपनी आपल्या जाहिरातीत आणि यंत्रावर ते चिन्ह लावेल, तिच्या जाहिरातीच्या खर्चाचा काही भाग इंटेल उचलणार. आणि १९९३ मध्ये आकडा सोडून "पेंटियम" हे नाव आणलं. आकड्यावर मालकी सांगता येत नाही, नावावर येते.

लॅपटॉपच्या कोपऱ्यात जे चमकदार स्टिकर असतं त्याचा उगम हा असा आहे. ते तुम्हाला माहिती द्यायला चिकटवलेलं नाही.

आजचं एक उदाहरण घ्या. एएमडीचे दोन प्रोसेसर आहेत: रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू. दोन्हींवर "रायझन ५" लिहिलेलं. आकड्यात फरक फक्त दहाचा. दुकानातला पोरगा सांगतो, "सेमच आहे साहेब." पण ७५२०यू मध्ये ४ कोअर आहेत आणि त्याची मूळ रचना झेन २, म्हणजे २०१९ सालची. ७५३०यू मध्ये ६ कोअर आहेत आणि रचना त्यापुढची, झेन ३. या नावांत पहिला आकडा साल सांगतो आणि रचनेची पिढी तिसऱ्या आकड्यात असते. हे कळलं की दोन हजारांच्या फरकाचा खुलासा होतो. शिवाय ७५२०यू बरोबर येणारी रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. ८ जीबी घेतली तर शेवटपर्यंत ८ जीबीच.

किंमत सारखी का?

कारण सुटे भाग, वाहतूक आणि कर दोघांनाही सारखेच लागतात. ४५,००० रुपयांच्या लॅपटॉपमध्ये १८ टक्के जीएसटी आत धरलेला असतो. हिशोब करा: मूळ किंमत सुमारे ३८,१३६ आणि कर ६,८६४. विद्यार्थिनीने घेतला तरी एवढाच, मोठ्या कंपनीने घेतला तरी एवढाच. फरक इतकाच की धंदा करणाऱ्या नोंदणीकृत कंपनीला हा कर पुढे वळता करून घेता येतो. नागलीवाल्याच्या मुलीला येत नाही. यावर आपल्याकडे चर्चा व्हायला हवी ती होत नाही.

आपल्या देशाने या यंत्राशी बरेच खेळ खेळलेत. १९७८ मध्ये आयबीएम भारत सोडून गेली. मग देशी कंपन्या उभ्या राहिल्या. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयात सैल झाली. १९९७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती-तंत्रज्ञान कराराने कॉम्प्युटरवरची आयातपट्टी शून्याकडे गेली आणि बाहेरची यंत्रं स्वस्त झाली. देशात जोडणी करणाऱ्यांना मात्र टिकणं जड झालं. पुढे ३ ऑगस्ट २०२३ ला सरकारने लॅपटॉप आयातीला परवाना लागेल असं अचानक जाहीर केलं, दुसऱ्याच दिवशी मुदत वाढवली, आणि १ नोव्हेंबरपासून त्याऐवजी नोंदणी करून परवानगीची पद्धत आणली. दिल्लीतल्या अशा एका कागदाने नाशिकच्या दुकानातला भाव हलतो.

दोन सारख्या लॅपटॉपची आपल्याच राज्यातली गोष्ट

आता मुख्य गोष्टीकडे येतो. जानेवारी २००५ मध्ये निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी दावोसला घोषणा केली: गरीब देशांतल्या प्रत्येक मुलाला शंभर डॉलरचा लॅपटॉप. योजनेचं नाव वन लॅपटॉप पर चाइल्ड, यंत्राचं नाव एक्सओ. हिरवं-पांढरं, खेळण्यासारखं दिसणारं, ७.५ इंची पडद्याचं. २५६ एमबी रॅम, १ जीबी फ्लॅश, प्रोसेसर एएमडीचा. पडदा भर उन्हातही वाचता यायचा. बनवणारी कंपनी? तीच, तैवानची क्वांटा.

इंटेलने त्याच्या जोडीला आपला क्लासमेट पीसी आणला. ७ इंची पडदा, २५६ एमबी रॅम, प्रोसेसर अर्थातच इंटेलचा. शाळकरी मुलांसाठीच, त्याच देशांसाठी. आता मंत्र्यांच्या टेबलावर दोन सारखी यंत्रं आली. एकमेकांवर आरोप झाले. जुलै २००७ मध्ये इंटेल एक्सओच्या संस्थेत सामील झाली आणि सहा महिन्यांत, जानेवारी २००८ मध्ये, बाहेरही पडली. मुद्दा हाच होता की संस्थेला क्लासमेट बंद करून हवा होता आणि इंटेलला तो बंद करायचा नव्हता. जगभरातली वर्तमानपत्रं "एक्सओ की क्लासमेट" यावर लिहीत होती.

भारत सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्येच एक्सओला नकार दिला होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आम्हाला आधी वर्गखोल्या आणि शिक्षक हवेत. तरीही २००७ च्या शेवटाला रायगड जिल्ह्यातल्या खैराट धनगरवाड्याच्या शाळेत एक्सओचा छोटा प्रयोग झाला. पहिली ते चौथीची वीस-बावीस मुलं, एक खोली, एक शिक्षक. आपल्या तालुक्यातल्या वाड्या-पाड्यांवरच्या कितीतरी शाळा अशाच आहेत, म्हणून मला हा प्रयोग फार जवळचा वाटतो. त्या पोरांच्या हातात एक्सओऐवजी क्लासमेट दिला असता तर काय बदललं असतं? माझं उत्तर: फारसं काही नाही. एकच गुरुजी, चार इयत्ता एका खोलीत, आणि चार्जिंगची विवंचना. गुरांच्या जोरावर डायनामो फिरवून लॅपटॉप चार्ज करायचा खटाटोपही त्या काळात भारतातल्या कार्यकर्त्यांनी करून बघितला होता. प्रोसेसर कुणाचा यापेक्षा वीज कुठून आणायची हा प्रश्न मोठा होता.

पेरू देशाने एक्सओ सगळ्यांत जास्त घेतले, आठ लाखांवर. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने तिथल्या ३१९ शाळांचा अभ्यास करून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडला: गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. तर्कशक्ती वगैरे सर्वसाधारण कौशल्यांत थोडी वाढ दिसली. यंत्रं पोचली. शिकवायचं कसं, बिघडलं तर काय करायचं, हे मागे राहिलं. दोन यंत्रांतली लढाई जगाने रंगवून बघितली, आणि तिसऱ्याच गोष्टीने निकाल लावला.

मराठीचा धडा

उलट बाजूचं उदाहरणही आपल्याकडेच आहे. १९८८ मध्ये पुण्यात सीडॅक सुरू झालं. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांवर जे काम झालं होतं ते तिथे पुढे गेलं. जिस्ट कार्ड यंत्रात बसवलं की पडद्यावर देवनागरी उमटायची. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय लिप्यांचं प्रमाण ठरलं, इन्स्क्रिप्ट कळफलकाचंही ठरलं. पण बाजारात प्रत्येकाचा फाँट वेगळा. एका डीटीपीवाल्याकडे टाईप केलेली पत्रिका दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती चिन्हं. तेव्हाच्या छापखान्यात काम केलेल्या कुणालाही विचारा, डोक्याला हात लावतील. त्या दिवसांत "माझ्या मराठी फाईली यावर उघडतील का" हा दोन कॉम्प्युटरमधला खराखुरा फरक होता.

युनिकोड आला, विंडोज २००० आणि एक्सपीपासून तो घरोघरच्या कॉम्प्युटरमध्ये पोचला, आणि तो फरक हळूहळू नाहीसा झाला. आज काळा घ्या नाहीतर चंदेरी, मराठी दोन्हींवर सारखीच उमटते. हे कुठल्या एका ब्रँडने आपल्याला दिलेलं नाही. सर्वांनी पाळायचं एक प्रमाण ठरलं आणि शेवटी पाळलं गेलं, म्हणून हे झालं. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाल्यावर गावागावांतली पोरं माऊस धरायला शिकली, तेव्हाही त्या सेंटरमधला कॉम्प्युटर कुठल्या कंपनीचा होता हे आज कुणाला आठवत नाही. शिकवणारे सर मात्र आठवतात.

त्र्यंबकच्या माणसाने यंत्र कसं निवडलं

आपल्या गावाने यंत्र निवडीचा जो धडा घालून दिलाय, तो सगळ्यांना माहीत हवा. दादासाहेब फाळके ३० एप्रिल १८७० ला इथे त्र्यंबकला जन्मले. पहिला चित्रपट काढला हे शाळेत शिकवतात. त्यासाठीचा कॅमेरा त्यांनी कसा घेतला, हे शिकवत नाहीत.

१९१२ च्या सुरुवातीला फाळके लंडनला गेले. पैसे कसे उभे केले? विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून. म्हणजे आपल्या हप्त्यावाल्या लॅपटॉपसारखीच परिस्थिती, चुकायला वाव नाही. तिथे ते आधी कुठे गेले? ज्या "बायोस्कोप" साप्ताहिकाचे ते वर्गणीदार होते त्याच्या कचेरीत, संपादक केबर्न यांच्याकडे. केबर्न यांनी आधी परावृत्तच करून बघितलं, कारण इंग्लंडमध्येच या धंद्यात लोक बुडत होते. माणूस हटत नाही म्हटल्यावर त्यांनी फाळक्यांची सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी गाठ घालून दिली. फाळक्यांनी त्यांचा स्टुडिओ बघितला, काम कसं चालतं ते पाहिलं. मग या दोघांच्या सल्ल्याने ५० पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेतला. सोबत कोडॅकची कच्ची फिल्म आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र मागवलं. १ एप्रिल १९१२ ला ते परत आले.

मे महिन्यात सामान पोचलं. सोबतच्या आराखड्यावरून त्यांनी ते चार दिवसांत स्वतः जोडलं. फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं, ही कामं सरस्वतीबाई शिकल्या. लगेच मोठा चित्रपट काढला का? नाही. आधी वाटाण्याचं रोप उगवताना एकेक चित्र घेऊन "अंकुराची वाढ" ही छोटी फिल्म केली, ती दाखवून भांडवल मिळवलं. ३ मे १९१३ ला "राजा हरिश्चंद्र" लोकांसमोर आला. पुढचे चित्रपट नाशिकला झाले.

यात शिकण्यासारखं काय? एक, विक्रेत्याकडे जायच्या आधी ते वापरणाऱ्याकडे गेले. दोन, कॅमेऱ्याबरोबर लागणारं बाकीचं सामान त्यांनी त्याच हिशोबात धरलं. तीन, घरातल्या माणसांना चालवता येईल, उघडता-जोडता येईल असंच यंत्र घेतलं, कारण बिघडलं तर लंडन फार लांब होतं. आपल्याला नाशिक तीस किलोमीटरवर आहे, पण जुलैच्या पावसात, हातात बिघडलेला लॅपटॉप घेऊन एसटीची वाट बघणाऱ्याला तेही लांबच वाटतं.

मग आता काय बघायचं?

हा सगळा इतिहास डोक्यात ठेवून, दोन सारख्या लॅपटॉपमध्ये मी हे बघतो:

१. प्रोसेसरचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासकट. नुसतं "आय ५" किंवा "रायझन ५" म्हणजे अर्धा पत्ता.

२. रॅम वाढवता येते का? खाली एक स्लॉट रिकामा आहे की सगळं सोल्डर केलेलं? चार वर्षांच्या कोर्ससाठी हा एक मुद्दा बाकी चार मुद्द्यांवर भारी.

३. बॅटरी किती वॉट-अवर? जाहिरातीतले "दहा तास" विसरा. ४२ वॉट-अवरची बॅटरी, आणि लिहिण्या-वाचण्याच्या कामाला साधारण ८ वॉट लागले, तर सव्वापाच तास. ५६ वॉट-अवर असेल तर ७ तास. आपल्याकडे पावसाळ्यात वीज कशी जाते ते सांगायला नको. हा पावणेदोन तासांचा फरक परीक्षेच्या आदल्या रात्री कळतो.

४. स्क्रीन. दोन्ही शेजारी ठेवून बाजूने बघा. रंग उडाल्यासारखे दिसत असतील तर तो सोडा. डोळे चार वर्षं त्यालाच लावायचेत.

५. सेवा. दुकानदाराला आणि कंपनीच्या हेल्पलाइनला एकच प्रश्न विचारा: ४२२२१२ या पिनकोडला घरी येऊन दुरुस्ती मिळते का? "नाशिक शहरात मिळते" हे त्याचं उत्तर नाही. हो म्हणाले तर लेखी घ्या, बिलावर सिरियल नंबर टाकून घ्या. पुढे अडचण आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

६. जुना, दुरुस्त करून विकलेला घेत असाल तर एक काळजी. विंडोज १० ला मिळणारे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. "एकदम कंडिशनमध्ये" म्हणून सातव्या पिढीचा गळ्यात मारत असतील तर तो घेण्याआधी दोनदा विचार करा. लिनक्स वापरणार असाल तर गोष्ट वेगळी, त्याला तो अजून बरीच वर्षं चालेल.

हे सहा मुद्दे तपासूनही दोन्ही सारखेच निघाले, तर मनाला लावून घेऊ नका. ज्याचा कळफलक बोटांना बरा वाटतो तो घ्या. दोन हजारांची चैन करण्यापेक्षा त्यात चांगली पाठपिशवी आणि बॅकअपसाठी पेन ड्राइव्ह येतो.

शेवटचा मुद्दा, आपल्या सगळ्यांचा

घरचा लॅपटॉप ज्याचा तो निवडेल. पण शाळांचे, ग्रामपंचायतींचे, आश्रमशाळांचे लॅपटॉप आपल्या पैशाने येतात. सिंहस्थ जवळ आला की निधी येतो, देणगीदार येतात, फोटो निघतात. सरकारी खरेदीत सगळ्यांत कमी दराची निविदा बाजी मारते. अट पूर्ण केली की संपलं, आणि अट म्हणजे काय तर तेच: इतकी रॅम, इतका स्क्रीन. कागदावर दोन यंत्रं सारखी दिसतात आणि शंभर रुपयांनी स्वस्त असलेलं घेतलं जातं. तीन वर्षांनी ते कपाटात गेलेलं असतं, कारण बॅटरी मेली आणि नवी बसवायची तरतूद कुणाच्याच हेडमध्ये नसते.

म्हणून ग्रामसभेत, शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या मंडळींना हात जोडून विनंती. पुढच्या वेळी लॅपटॉपचा ठराव आला की ब्रँडवर वाद घालू नका. चार प्रश्न विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. हे शिकवणार कोण, आणि त्या गुरुजींना किंवा बाईंना प्रशिक्षण कधी? पाड्यावर चार्जिंग कुठे? दुरुस्ती किती दिवसांत आणि कोण करणार? चौथ्या वर्षी बॅटरी बदलायचे पैसे कुठून? खैराट आणि पेरू, दोन्हीकडचा अनुभव या चार प्रश्नांभोवतीच फिरतो. याची उत्तरं नसतील, तर काळा घेतला काय आणि चंदेरी घेतला काय, कपाट एकच.

तुमच्या शाळेत, तुमच्या गावात आलेल्या लॅपटॉपचं आज काय चाललंय? वापरात आहेत की कुलपात? खाली कॉमेंटमध्ये गावाचं नाव आणि साल एवढं लिहा. कुणावर चिखलफेक नको, फक्त परिस्थिती. यादी तयार झाली की पंचायत समितीकडे अर्ज करताना ती आपल्याला जोडता येईल.